आई-बाबांना आर्टची आवड नाही, मुलगी सहा वर्षांची. तरी लंडनच्या साउथ बँकला, म्हणजे थेम्स नदीच्या दक्षिण काठाला, एक दिवस द्यावा का?

तुमच्या प्रश्नातलं ते एक वाक्य, "बाबांना आर्टमधलं काही कळत नाही, त्यांना गॅलरीत नेऊन दिवस फुकट जाईल का", ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. कारण हेच वाक्य जवळपास शब्दन्शब्द माझ्या दादाने मला 2014 मध्ये फोनवर ऐकवलं होतं.

जा. हे झालं उत्तर. आता का ते सांगते.

तेव्हा आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनला होतो आणि उन्हाळ्यात आई-बाबा महिनाभर राहायला आले होते. दादाने लांब बसून एक एक्सेल शीट पाठवली, कुठल्या दिवशी काय दाखवायचं त्याची. राजवाडा, मेणाचे पुतळे, नदीकाठचा तो मोठा पाळणा वगैरे. मी त्यात साउथ बँक घातलं तर त्याने त्या ओळीला लाल रंग मारला आणि पुढे लिहिलं, बाबा बोअर होतील. आता तो पाळणा साउथ बँकलाच आहे हे त्या शीटला माहीत नव्हतं, पण असो.

बाबांनी चौतीस वर्षं थर्मल पॉवर स्टेशनला काढली, टर्बाइन मेंटेनन्सला. लहानपणी घरात ओव्हरहॉल, म्हणजे अख्खं मशीन उघडून दुरुस्ती, हा शब्द आम्ही रोज ऐकायचो आणि रोज "हो बाबा" म्हणून पुढे जायचो. सेफ्टी वीकला घरच्यांना प्लांट बघायला आत सोडायचे, तेव्हा दादाला घेऊन गेले होते. मला नाही. मी लहान होते हे एक कारण आणि मुलीला काय करायचंय तिथे जाऊन हे दुसरं, आणि दुसरं जास्त खरं होतं. दादा परत आला तो "खूप आवाज होता" एवढंच सांगत.

तर आम्ही साउथ बँकच्या टेट मॉडर्न या आर्ट गॅलरीत पश्चिमेच्या दाराने शिरलो, जिथून एक रुंद उतार सरळ टर्बाइन हॉलमध्ये खाली जातो. त्या वेळी हॉलमध्ये मोठं असं काही मांडलेलं नव्हतं, सगळा हॉल रिकामा, लोक नुसते बसलेले, पोरं त्या उतारावर लोळतायत. माझ्या लेकीने पण लगेच लोळण घेतली, ती पाच वर्षांची होती तेव्हा. आणि बाबा उतारावर मध्येच थांबले, मान वर करून. मला वाटलं चक्कर आली की काय, मी दंड धरला तर म्हणाले, "क्रेन ठेवलीये गं."

मी वर बघितलं. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खरंच क्रेन होती. मी त्या हॉलमध्ये त्याआधी निदान चार वेळा आले होते.

मग बाबांनी खाली उतरून एका पोलादी खांबाला हात लावला, वितीने मोजला, दोन-चार पावलं इकडे तिकडे केली आणि म्हणाले, "हा टर्बाइन फ्लोअर नाहीये. फ्लोअर कापून काढलाय. आपण बेसमेंटला उभे आहोत, कंडेन्सर असतो त्या लेव्हलला. मशीन आपल्या डोक्यावर होतं." मी घरी येऊन वाचलं तर अगदी तसंच होतं. हे मुळात बँकसाइड पॉवर स्टेशन, तेलावर चालणारं, तेल महागलं आणि 1981 मध्ये बंद पडलं. हर्झॉग आणि डी म्युरॉन या आर्किटेक्ट जोडीने त्याची गॅलरी करताना मधला फ्लोअर काढून टाकला, म्हणून हॉल तळापासून छतापर्यंत सलग दिसतो, 35 मीटर उंच, 152 मीटर लांब. 2000 मध्ये उघडलं. बाबांनी यातलं काहीही वाचलं नव्हतं, पाटी पण नाही.

त्यानंतर त्यांनी लेकीला लोळायचं थांबवलं आणि आम्हाला सगळ्यांना गप्प केलं. "ऐकू येतंय?" मला काही येईना, आणि मग एकदम आलं, खूप खालच्या पट्टीतली एकसारखी घूं. "पन्नास सायकलच्या विजेचा आवाज आहे हा. ट्रान्सफॉर्मर आहे त्या भिंतीपलीकडे, चालू आहे." तेही खरं निघालं, इमारतीच्या दक्षिणेकडच्या भागात सबस्टेशन चालूच होतं.

मग सुरू झालं ओव्हरहॉल. केसिंग, म्हणजे टर्बाइनचं कवच, कसं उघडतात, आतला फिरणारा रोटर उचलताना क्रेन इंच इंच कशी सरकवतात, खाली उभा राहून सिग्नल देणारा माणूस एकच असतो आणि बाकी कोणी नाक खाजवायला पण हात वर करायचा नाही. बोट वर करून छोटे गोल फिरवले की उचल, बोट खाली करून फिरवलं की सोड, हात आडवा, पंजा खाली, की थांब. लेकीने ते तीन सिग्नल पाच मिनिटांत पाठ केले आणि उतारावरून येणाऱ्या अनोळखी लोकांना थांबवायला लागली, एक आजोबा खरंच थांबले. दीड तास आम्ही तिथेच. नवरा वर मातीस या फ्रेंच चित्रकाराच्या कागदी कातरकामाचं तिकीटवालं प्रदर्शन पूर्ण बघून खाली आला तरी आम्ही हललेलो नव्हतो.

मला काय म्हणायचंय तर, आर्ट कळणं न कळणं हा प्रश्नच चुकीचा आहे तिथे. हा सगळा काठ कामाचा होता, धक्के, गोदामं, कारखाने, वीज. आणि तो "सुधारला" म्हणतात तेव्हा असं वाटतं की कुणीतरी वरून येऊन रंग मारला, पण तसं नाहीये. 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी रॉयल फेस्टिव्हल हॉल हे संगीताचं सभागृह बांधलं ते सरकारी काम. याच काठावरचा कॉइन स्ट्रीटचा पट्टा मात्र तिथल्या रहिवाशांनी ऑफिसांचे टॉवर येऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं भांडून 1984 मध्ये मिळवला, म्हणून आज तिथे घरं आणि बाग आहे. फेस्टिव्हल हॉलशेजारच्या इमारतीखाली जी पोरं स्केटबोर्ड करतात त्यांना पण तिथून हलवायचं घाटत होतं, आम्ही गेलो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती जागा त्यांच्याकडे राहिली. तुमची मुलगी तिथून अर्धा तास हलणार नाही, तेवढा वेळ धरूनच चला.

दिवस कसा लावायचा ते तुम्ही विचारलंय. वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून काठाने चालत निघा, टेटपर्यंत दोन-सव्वादोन किलोमीटर आहे, सपाट रस्ता. वाटेत वॉटर्लू ब्रिजखाली जुन्या पुस्तकांची टेबलं लागतात. ओहोटी असेल तर खाली वाळू उघडी पडते, मुलांना उतरू द्या पण तिथलं काही उचलून आणू नका, त्याला परमिट लागतं. टेटचा कायमचा संग्रह फुकट आहे, तिकीट फक्त खास प्रदर्शनांना. शेवटी मिलेनियम ब्रिज. हा पूल 2000 मध्ये उघडला आणि इतका हलायला लागला की दोन दिवसांत बंद केला, 2002 मध्ये हलणं शोषून घेणारे डँपर बसवून परत सुरू. बाबा कठड्यावरून वाकून ते डँपर शोधत होते आणि आई मागून ओरडत होती, "अहो, पडाल!"

दादाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्याला त्याच रात्री तो सिग्नलवाला व्हिडिओ पाठवला, तर त्याचं उत्तर, "बाबांना तिथे पण प्लांटच दिसला ना, म्हणजे आर्टमध्ये बोअरच झाले, मी तेच म्हणत होतो." या माणसाशी वाद कसा घालायचा मला अजून कळलेलं नाही. गेल्या वर्षी तो स्वतः कामासाठी लंडनला गेला, टेटमध्ये जाऊन आला, एका लाल चौकोनासमोर उभं राहून काढलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मी विचारलं, क्रेन बघितलीस का? तर म्हणाला, "कसली क्रेन?" बाबांनी त्यावर नुसता अंगठा टाकला, कुणाच्या मेसेजला ते कळलं नाही.

तेव्हा तुमचे बाबा काय करायचे ते आधी आठवा. छपाईत होते, गोदीत होते, सुतारकाम करायचे, बँकेत होते, आणि मग ठरवा त्यांना कुठे न्यायचं ते. "त्यांना कळणार नाही" हे बहुतेक वेळा आपल्याला समजावून सांगायचा कंटाळा असतो म्हणून म्हणतो आपण.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आई कंटाळली. मातीसला पण आणि टर्बाइनला पण. दर दहा मिनिटांनी "झालं का तुमचं?" आणि तिच्या बाबतीत दादाची शीट बरोबर होती, तिला मेणाचे पुतळेच आवडले. त्यामुळे माझं सगळं ऐकून हिरमोड झाला तर मला शिव्या घालू नका.

अजून एक. 2016 मध्ये टेटच्या मागे जी त्यांचीच नवीन दहा मजली इमारत झाली, तिच्या वरच्या गच्चीतून समोरच्या काचेच्या फ्लॅटमधले लोक थेट दिसायचे, ते लोक कोर्टात गेले आणि 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यांची बाजू घेतली. म्हणून मुलीला वरून लंडन दाखवते असं आधीच कबूल करून बसू नका.

आणि आईंचे गुडघे दुखत असतील तर वेस्टमिन्स्टरपासून चालायचं सोडा, ट्रेनने ब्लॅकफ्रायर्सला उतरा. पण दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडा. स्टेशन पुलावरच आहे, चुकून दुसऱ्या बाजूला निघालात तर नदी ओलांडून परत यावं लागतं. आम्ही निघालो होतो, आईचा मूड तिथेच गेला होता खरं तर.