विचारा बिनधास्त : मे महिन्यातली फुटबॉल लीग, पोरांना पाठवायचं की नाही?

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, आम्ही देवगड तालुक्यात राहतो. परीक्षा संपल्यावर तालुक्याच्या ठिकाणी तीन आठवड्यांची समर फुटबॉल लीग आहे, मॅचेस सकाळी ८ ते ११ आणि दुपारी साडेतीनपासून पुढे. तो रोज मागे लागलाय. सासूबाई म्हणतात, "पोराक उन्हात कित्याक धाडतंस?" आणि मिस्टर म्हणतात आम्ही लहानपणी भर मे महिन्यात आंबे काढायचो, आम्हाला काय झालं? मी मधल्यामध्ये अडकलेय. पाठवू का?
— एक आई, देवगड

उत्तर : ताई, पाठवा, पण सकाळच्या मॅचेसना, आणि त्याही आयोजकांना दोन-तीन गोष्टी तोंडावर विचारून. दुपारी साडेतीनच्या मॅचला मी तरी माझ्या हाताखालचं पोर उतरवणार नाही.

आधी मिस्टरांचं बघू, कारण हा मुद्दा प्रत्येक घरात निघतो. आंबा काढणारी माणसं झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन उजाडता उजाडता बागेत जातात, ऊन चढलं की सावलीला बसून पेज पितात, आणि मुख्य म्हणजे फेब्रुवारी-मार्चपासून रोज उन्हात असल्यामुळे त्यांचं अंग सरावलेलं असतं. तुमचा मुलगा मार्चभर पंख्याखाली बसून अभ्यास करत होता (निदान तसं आपण समजूया). शिवाय बागेत दमलं की माणूस स्वतः थांबतो, मॅचमध्ये २-२ झाल्यावर कुठला पोरगा थांबतो सांगा?

आता आपल्या हवेचं. आपण टीव्हीवर विदर्भातले ४५ डिग्री बघतो आणि आपल्याकडे ३३ म्हणजे काहीच नाही असं धरून चालतो, आणि इथेच फसतो. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, घाम सुकला की गार होतं, आणि किनाऱ्यावर मे महिन्यात हवा इतकी दमट असते की घाम नुसता निथळत राहतो, सुकतच नाही. म्हणजे पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग तापलेलं ते तापलेलंच. ३३ डिग्री आणि ७० टक्के दमटपणा असला तर अंगाला जाणवणारं तापमान चाळीसच्या पुढे जातं, आणि तेही सावलीतलं, उन्हात पळणाऱ्याला त्याहून जास्त. हवामान खातं सुद्धा मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० पासून करतं पण किनारपट्टीला ३७ पासूनच, उगाच नाही.

खेळाच्या जगात यासाठी डब्ल्यूबीजीटी नावाचं माप वापरतात, ऊन आणि दमटपणा मिळून अंगाला किती ताप होईल ते सांगणारं. त्यात साध्या थर्मामीटरच्या आकड्याला फक्त १० टक्के वजन असतं, थेट उन्हाच्या तापाला २० टक्के आणि ओल्या थर्मामीटरला, म्हणजे दमटपणा दाखवणाऱ्याला, तब्बल ७०. फिफाने २०१४ च्या ब्राझील वर्ल्डकपमध्ये हे माप ३२ डिग्रीच्या वर गेलं तर खेळ थांबवून पाणी प्यायला ब्रेक द्यायचा असं ठरवलं होतं. नेदरलँड्स-मेक्सिको मॅच फोर्टालेझाला झाली, ते पण आपल्यासारखंच समुद्रकाठचं शहर, तिथे तीन-तीन मिनिटांचे असे ब्रेक द्यावे लागले. आणि कतारचा वर्ल्डकप तर उन्हाळा टाळायला थेट नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ ला नेला. पगारी खेळाडू, सोबत डॉक्टरांची फौज, तरी ही काळजी, आणि आपण बारा वर्षांच्या पोरांना साडेतीनला उतरवतो!

वयाची भीती मात्र थोडी कमी करा. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा ऊन कमी सोसतं असंच पूर्वी मानायचे, पण २०११ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हे मत बदललं. नीट पाणी, नीट विश्रांती आणि सरावायला वेळ मिळाला तर मुलं मोठ्यांइतकंच सोसतात, त्रास होतो तो बहुतेक वेळा मोठ्यांनी लावलेल्या टाइमटेबलमुळे. म्हणून आयोजकांना विचारा, एका दिवसात एका टीमच्या किती मॅचेस? दोन मॅचेसमध्ये किती तास? प्रत्येक हाफमध्ये पाण्याचा ब्रेक आहे का? सब्स्टिट्यूशन कितीही वेळा करता येतं का? सावलीला मंडप आहे का, आणि बर्फ? ऊन फार झालं तर मॅच थांबवायचा निर्णय कोण घेणार, त्या माणसाचं नाव काय? या शेवटच्या प्रश्नाला "बघू हो वहिनी, काय होत नाय" असं उत्तर आलं तर मी पाठवणार नाही.

मैदान पण बघून या. गवत असेल तर उत्तम, सड्याचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचं, मैदान लवकर तापतं, आणि हल्ली जागोजागी जे टर्फ झालेत ते प्लास्टिकचं गवत तर भर उन्हात गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, बुटातून चटका लागतो. टर्फवर लीग असेल तर ती दिवे लावून संध्याकाळी सातनंतरच हवी. आपल्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेट टूर्नामेंट रात्र रात्र प्रकाशझोतात चालतात, मंडळांना तेव्हा बरे दिवे परवडतात.

पिण्याचं थोडक्यात. मॅचच्या आधी दोनेक तास पाणी, मॅचमध्ये दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं. तासाभराच्या वर खेळ असेल तर मीठ पण पोटात जायला हवं, मीठ घातलेलं कोकम सरबत, पन्हं, ताक, घरी जे असेल ते. शहाळं चांगलंच पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम कमी, म्हणून नुसत्या शहाळ्यावर भागवू नका. ओआरएस आणायचं तर पुडीवरचं वाचून, जितकं पाणी लिहिलंय तितक्याच पाण्यात. एनर्जी ड्रिंकचे डबे पोरांना अजिबात नकोत. आणि उलटं टोक पण नको, नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही धोक्याचं.

सासूबाईंना सांगा की त्यांचं निम्मं बरोबर आहे.

प्रश्न : आम्ही पुण्याला असतो, मे मध्ये गुहागरला गावी येतो. मुलगा १४ वर्षांचा, पुण्यात अकॅडमीत खेळतो, फिट आहे. गावच्या टीमला तो हवाय, आम्ही शुक्रवारी पोचतो आणि शनिवारी पहिली मॅच. चालेल ना?
— एक बाबा, पुणे

उत्तर : शनिवारी पूर्ण मॅच नको दादा. फिट असणं वेगळं आणि हवेला सरावणं वेगळं. पुण्याची कोरडी हवा आणि इथली चिकचिक, शरीराला घाम काढायची पद्धतच बदलावी लागते, आणि त्याला एक ते दोन आठवडे लागतात. पहिले तीन-चार दिवस सकाळी अर्धा तास हलका सराव, मग वाढवत न्यायचं. शनिवारी त्याला बेंचवर ठेवा, फार तर शेवटची दहा मिनिटं. गावची पोरं चिडवतील, चिडवू दे. आणि रात्रभर गाडीत जागा राहिलेला, किंवा पोट बिघडलेला, ताप येऊन गेलेला, सर्दीच्या गोळ्या चालू असलेला पोरगा असेल तर ती दहा मिनिटं पण नकोत.

प्रश्न : मी १५ वर्षांचा आहे, मिडफिल्डला खेळतो. गेल्या दोन मॅचेसमध्ये सेकंड हाफला डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले. सरांना सांगितलं तर टीममधून काढतील म्हणून बोललो नाही. काय करू?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : आधी घरी सांग, आजच. मग सरांना, आणि एकट्याला जमत नसेल तर बाबांना घेऊन जा. तू सांगतोयस ती उन्हाने थकल्याची लक्षणं वाटतात, यावर इलाज सोपा असतो, बाहेर येऊन सावलीत बसायचं, जर्सी आणि शिनगार्ड काढायचे, अंगावर पाणी, हळूहळू मिठाचं सरबत, आणि त्या दिवशी परत उतरायचं नाही. पण पुढची मॅच खेळायच्या आधी डॉक्टरांना दाखव, दोन वेळा झालंय म्हणजे नुसतं ऊन आहे की आणखी काही ते बघायला हवं.

न सांगता ओढत राहिलास तर पुढची पायरी उष्माघाताची, आणि तिथे आपल्याला काही होतंय हे स्वतःला कळेनासं होतं. म्हणून हे तुझ्या मित्रांना पण वाचून दाखव. कोणी असंबद्ध बोलायला लागला, चुकीच्या दिशेने पळायला लागला, तोल गेला, कोसळला, तर घाम येतोय की नाही ते बघत बसू नका (पळणाऱ्याला उष्माघातात घाम येत असू शकतो), लगेच १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत त्याला गार करायचं. आत शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट महत्त्वाचं. टब किंवा मोठं घमेलं असेल तर डोकं धरून गार पाण्यात बसवा, नसेल तर विहिरीच्या पंपाचा पाइप अंगावर सोडा, ओले टॉवेल बदलत राहा, वारा घाला. बर्फ आपल्याकडे बंदरावर असतोच, आयोजकांनी मासळीवाल्याकडून सकाळीच एक पेटी भरून ठेवायला काय हरकत आहे? शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात कार्यक्रमाला नुसती बसलेली माणसं उष्माघाताने गेली, ती तर पळत पण नव्हती. आणि सांगितलं म्हणून एखादे सर खरंच टीममधून काढत असतील तर त्या टीममध्ये राहून तुला काय मिळणार आहे, दुसरी टीम बघू.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, जूनपासून सलग खेळतेय, आता टाच दुखते म्हणते. लीग सोडली तर मागे पडेल का?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : नाही पडणार. वाढत्या वयात टाचेच्या हाडाची वाढ होते त्या जागेवर सतत ताण आला की असं दुखतं, फुटबॉल खेळणाऱ्या या वयाच्या मुलांमध्ये हे नेहमीचं आहे. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ही लीग सोडा. वर्षातून दोन-तीन महिने एकाच खेळापासून सुट्टी हवी असं बालरोगतज्ज्ञच सांगतात, आणि कोकणात त्यासाठी मे-जूनसारखे महिने नाहीत. पोहायला जाऊ दे, सायकल चालवू दे, बुटांची टाच झिजली असेल तर नवे बूट घ्या. सुट्टी संपल्यावर दुखणं गेलेलं असेल तर हळूहळू परत सुरू करेल, एकदम पूर्ण मॅच नको.