वाचकांचे प्रश्न : सात रात्री, आई-बाबा आणि मेवाड

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरमध्ये पन्नास वर्षं होतायत, म्हणून आम्ही चौघं राजस्थानला जायचं म्हणतोय. ट्रॅव्हलवाल्याने सात दिवसांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर असं बसवून दिलंय, जवळजवळ रोज नवीन हॉटेल. बाबा 76, आई 72, आईचे गुडघे दुखतात. बाबांना चित्तोड आणि कुंभलगड बघायचाय, आईला श्रीनाथजी, आणि मला खरं सांगायचं तर तलावाकाठी नुसतं बसायचंय. यातलं काय गाळू?
एक वाचक, सांगली

उत्तर : जयपूर, जोधपूर, जैसलमेर, तिन्ही गाळा. तुम्ही जे लिहिलंय ते नीट वाचा ना, बाबांना जे हवंय, आईला जे हवंय, तुम्हाला जे हवंय ते सगळं एकट्या मेवाडात आहे, उदयपूरपासून फार तर सव्वाशे किलोमीटरच्या आत. उदयपूर ते जैसलमेर पाचशेच्या आसपास किलोमीटर होतं, म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत, आणि गुडघेवाल्या माणसाला चढण्यापेक्षा गाडीत आठ तास पाय दुमडून बसणं जास्त जड जातं, हे मी माझ्या आईला घेऊन गेले तेव्हा बघितलंय.

तीन रात्री उदयपूर, एक नाथद्वारा, दोन कुंभलगड, एक चित्तोड. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून उदयपूरला थेट गाडी आहे, रोज नसते, दिवस बघून घ्या. ती चित्तोडवरूनच जाते, त्यामुळे येताना चित्तोडलाच बसता येतं, परत उदयपूरला जायची गरज नाही.

उदयपूरला हॉटेल निवडताना फोटोवर जाऊ नका. गणगौर घाटाजवळच्या जुन्या हवेल्या दिसायला सुंदर, पण गल्ल्या इतक्या अरुंद की मोठी गाडी दारापर्यंत येत नाही, बॅगा घेऊन चालावं लागतं, आणि आत गेल्यावर उंच उंच पायऱ्यांचा दगडी जिना. आम्हाला एका हवेलीत 'लेक व्ह्यू' म्हणून तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली, लिफ्ट नाही, आई पहिल्या दिवशी वर गेली ती संध्याकाळी खाली उतरायलाच तयार होईना. फतेहसागर तलावाच्या बाजूला किंवा पिछोला तलावाच्या पलीकडच्या काठाला हनुमान घाटाकडे बघा, लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, खालच्या मजल्यावरची खोली मागा.

आणि मग बसा तलावाकाठी. संध्याकाळी आंबराई घाटावर जा, समोर अख्खा सिटी पॅलेस, पाण्यात जगनिवास महाल, दिवे लागायला लागले की बोलणंच थांबतं. पिछोला मूळचा चौदाव्या शतकातला, एका बंजाऱ्याने बांध घालून केलेला असं सांगतात. उदयपूर वसलं त्याच्या बरंच नंतर, सोळाव्या शतकात महाराणा उदयसिंहांनी वसवलं. म्हणजे आधी तळं, मग शहर. पिछोला, स्वरूपसागर, फतेहसागर हे सगळे एकमेकांना जोडलेले, भरून वाहिले की पाणी आयड नदीत, तिथून उदयसागर, पुढे बेडच, बनास, चंबळ असं करत यमुनेला जातं. मला हे कळलं तेव्हा तो सुंदर देखावा एकदम वेगळाच दिसायला लागला, कारण एवढ्या कोरड्या मुलखात राज्य टिकवायचं तर आधी पाणी अडवायला हवं हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

जगदीश मंदिर 1651 सालचं, 32 पायऱ्या आहेत आणि उभ्या आहेत, आईला सावकाश नेता आलं तर न्या, आत बायका बसून भजनं म्हणत असतात, त्यांच्यात जाऊन बसता येतं. सिटी पॅलेसमध्ये मात्र अरुंद जिने आणि खूप चालणं आहे, ते बाबा आणि तुम्ही करा.

चौथ्या दिवशी निघा. उदयपूरपासून 22 किलोमीटरवर एकलिंगजी, काळ्या पाषाणाचं चतुर्मुख शिवलिंग. मेवाडचे महाराणे स्वतःला राजा म्हणवत नसत, राजा एकलिंगजी आणि आपण त्यांचे दिवाण, असा रिवाज. मंदिर दिवसभर उघडं नसतं, सकाळी साडेदहाच्या सुमारास पोचलात तर बरं, आणि सोमवारी गर्दी जास्त. शेजारीच नागद्याला सास-बहूची मंदिरं आहेत, साधारण दहाव्या शतकातली, तिथे फार कमी लोक थांबतात, तुम्ही थांबा.

आता नाथद्वारा, यावर जरा जास्त लिहिते कारण आईची इच्छा तीच आहे. 1672 साली औरंगजेबाच्या काळात श्रीनाथजींची मूर्ती गोवर्धनहून इथे आली. देऊळ म्हणून शिखर शोधू नका, ती हवेली आहे, नंदबाबांचं घर, आणि आत बाळकृष्ण राहतो म्हणून त्याच्या दिवसाप्रमाणे आठ दर्शनं. मंगला, शृंगार, ग्वाल, राजभोग, उत्थापन, भोग, संध्या आरती, शयन. प्रत्येक दर्शन थोडा वेळच उघडतं, मध्ये बाळ झोपलेलं असतं किंवा जेवत असतं, त्याला उठवत नाहीत. आम्ही पहिल्या वेळी दुपारी एक वाजता पोचलो, दार बंद, बाहेर अडीच-तीन तास बसलो. संध्याकाळी पडदा उघडला तशी मागून लाट आली, आई कुठल्या कुठे गेली, बाहेर येऊन म्हणाली मला फक्त वर उचललेला डावा हात दिसला गं. त्या रात्री तिथेच राहिलो म्हणून सकाळी मंगलाला परत जाता आलं, अंधार होता, गर्दी होतीच पण एका सेविकेने तिला हाताला धरून कठड्याजवळ उभं केलं, आणि तिने हनुवटीवरचा हिरासुद्धा बघितला. म्हणून सांगते, नाथद्वाऱ्याला मुक्काम कराच. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या, मोबाईल आत नेता येत नाही. बाहेर आल्यावर पुदिन्याचा चहा कुल्हडमधून मिळतो, थंडीत पहाटे तो प्यायचाच. पिछवाई घ्यायची असेल तर इथे घ्या, श्रीनाथजींच्या मागे लावायचा तो पडदा, इथल्या चितेऱ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रंगवतात.

एक गोष्ट आपण मराठी माणसांनी तिथे उभं राहून आठवावी असं मला वाटतं. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांची फौज या भागात आली तेव्हा श्रीनाथजींना नाथद्वाऱ्यातून हलवावं लागलं, आधी उदयपूर, मग डोंगरातलं घसियार, आणि काही वर्षांनी परत. भोसल्यांचं कूळ मेवाडच्या सिसोदिया राजघराण्याशी जोडलं गेल्याचं आपण अभिमानाने सांगतो, ते सांगावंच, पण अठराव्या शतकात मराठी फौजांनी मेवाडकडून किती पैसा काढला तेही तिथल्या लोकांना आठवतं. गाईडने सांगितलं तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

नाथद्वाऱ्याहून पुढे राजसमंद, आणि इथे घाई केलीत तर मला वाईट वाटेल. महाराणा राजसिंहांनी 1662 ते 1676 मध्ये बांधलेलं तळं, दुष्काळात लोकांना काम मिळावं हाही हेतू होता. बांधावर नौचौकी नावाचा संगमरवरी घाट आहे, पायऱ्या पाण्यात उतरत जातात, कमानींच्या छतावर कोरीवकाम असं की मान दुखेपर्यंत वर बघावं. भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये 25 शिळा बसवल्यात, त्यांवर राजप्रशस्ती हे अख्खं संस्कृत काव्य कोरलंय. मी एका शिळेवर हात फिरवला, अक्षरं देवनागरी, आपलीच, दोन-तीन शब्द लागतात, मग अडतं, परत एखादा लागतो. खालच्या पायरीवर एक बाई कपडे धूत होती, तिचा मुलगा माशांना कणकेच्या गोळ्या टाकत होता. आई सावलीत तासभर बसली. तिकडे टूरच्या बसगाड्या क्वचित येतात.

कुंभलगडला दोन रात्री, कारण मधला दिवस राणकपूरच्या जैन मंदिराला जातो. गड राणा कुंभांनी पंधराव्या शतकात बांधला, तटाची भिंत 36 किलोमीटर सांगतात, महाराणा प्रतापांचा जन्म इथलाच, 1540 चा. 2013 पासून जागतिक वारसा यादीत आहे, चित्तोडही त्याच यादीत. गाडी रामपोळ या दरवाज्यापर्यंत जाते, पुढे बादल महालापर्यंत फरसबंदीची उभी चढण आहे, बाबांना थांबत थांबत पाऊण तास धरा. आईला वर नेऊ नका. दाराच्या आतच वेदी मंदिर आणि नीळकंठ महादेव आहे, जवळजवळ सपाटीला, तिथून तट डोंगरावरून कसा वळत गेलाय ते छान दिसतं, खुर्ची मागितली तर देतात. आपल्याकडच्या गडांवर फिरलेल्या माणसाला, म्हणजे बाबांना, तटाची रुंदी आणि बुरुजांचे ते पोटाकडे फुगलेले आकार बघून नक्की बोलावंसं वाटेल, त्यांना बोलू द्या.

राणकपूरला सकाळी लवकर जाऊ नका. फिरायला आलेल्यांना दुपारी बारानंतर आत सोडतात, त्याआधी पूजा. आमचा ड्रायव्हर दहालाच घेऊन गेला होता. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. 1444 खांब सांगतात, मोजायला जाऊ नका, एका खांबाजवळ बसा आणि त्याची नक्षी बघा, मग दुसऱ्या खांबाची बघा, सारखी नाही. दुपारचं ऊन वरून झिरपत येतं तसा संगमरवर आधी पांढरा, मग सायीसारखा, मग पिवळसर दिसतो. भोजनशाळेत साधं जैन जेवण मिळतं, कांदा-लसूण नाही.

शेवटी चित्तोड. आईसाठी हा सगळ्यात सोपा गड, कारण गाडी सातही दरवाज्यांतून थेट वर जाते आणि वर अख्खं पठार आहे, एकेका ठिकाणी उतरायचं आणि परत बसायचं. विजयस्तंभ नऊ मजली, सदतीस मीटरच्या आसपास, खालूनच बघा. गोमुख कुंडाला पायऱ्या उतरायच्या आहेत, आई मीराबाईंच्या मंदिरात बसेल. 1303, 1535 आणि 1568, तीनदा हा गड पडला, तीनदा जोहर झाला. भरदुपारी धावतपळत बघायची ती जागा नव्हे. सकाळी आठला वर जा आणि कोणी घाई केली तर ऐकू नका.

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे आम्हाला मे महिन्यातच जमतं. चालेल का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : मेमध्ये पारा चाळिसाच्या वर असतो, गडावरचा दगड तापतो आणि पाऊस आदल्या वर्षी कमी झाला असेल तर तळ्यांचा काठ उघडा पडलेला असतो. दिवाळीची सुट्टी घ्या, फक्त खोल्या खूप आधी ठरवा. आणि कधी श्रावणाच्या आसपास चार दिवस काढता आले तर जाच, अरवली हिरवीगार असते. हरियाली अमावस्येला उदयपूरला दोन दिवस मेळा भरतो, दुसरा दिवस फक्त बायकांसाठी असतो, पुरुषांना प्रवेशच नाही. आपल्याकडे चैत्रगौर बसते त्याच तृतीयेला तिथे गणगौर असते, सजवलेल्या गौरी डोक्यावर घेऊन बायका पिछोल्याच्या घाटावर येतात. घरी चैत्रागौरीचं हळदीकुंकू केलेल्या बाईला तो घाट परका वाटणार नाही.

प्रश्न : तिकडे जेवणाचं कसं? सासऱ्यांना मसालेदार सोसत नाही.
एक वाचक, नागपूर

उत्तर : दाल-बाटी एकदाच खा, दुपारी, तूप पुष्कळ असतं, रात्री जड जातं. रोजच्यासाठी मक्याची रोटी, कढी, मुगाची डाळ, तिखट कमी सांगितलं तर करून देतात. गट्ट्याची भाजी तिखट असते, ती सासऱ्यांना नको. थंडीत कुठे मक्याची राब मिळाली तर त्यांना आवर्जून द्या, ताकातली असते, आपल्या आंबिलीसारखी लागते आणि पोटाला हलकी.