‘उणे एक उणे आय’चा आर्ग्युमेंट ४५ का नाही – माझा अनुभव

तुझी पोस्ट वाचली आणि माझं फर्स्ट इयर आठवलं. उणे एक उणे आय या कॉम्प्लेक्स नंबरचा (संमिश्र संख्या, आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ) आर्ग्युमेंट तू ४५ अंश काढलास, क्लासच्या शीटमध्ये २२५ आहे, मित्राच्या पुस्तकात उणे १३५, आणि आर्ग्युमेंट म्हणजे काय ते कुणी धड सांगेना. मलापण नव्हतं सांगितलं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, डिक्शनरीत बघितलं तर आर्ग्युमेंट म्हणजे वाद, आता संख्येचा वाद कुणाशी हेच कळेना.

एक्स-वाय अक्ष तुला येतात असं धरतो. साधा आकडा एक्सवर, आयचा आकडा वायवर, म्हणजे आपलं टिंब (उणे एक, उणे एक). मॉड्युलस म्हणजे ओरिजिनपासून किती लांब, आर्ग्युमेंट म्हणजे कुठल्या दिशेला, एक्सच्या धन बाजूपासून घड्याळाच्या उलट मोजलेला कोन. सोलापूरचाच आहेस ना, मग सोलापूर ओरिजिन धर, पूर्वेला एक्स. तुळजापूर वर उजवीकडं, पहिल्या चरणात. विजापूर खाली जरा डावीकडं, तिसऱ्या चरणात. एकच ५२ नंबरचा हायवे, तिन्ही गावं ढोबळमानानं एकाच रेषेत, पण विजापूरच्या गाडीत बसून कुणी तुळजापूरला पोचलंय का? टॅन इन्व्हर्सचं (वाय भागिले एक्सवरून कोन काढायचं बटण) तसंच आहे बघ, उणे एक भागिले उणे एक केलं की दोन्ही उणे गेले, कॅल्क्युलेटर ४५ देऊन मोकळा. आधी कागदावर टिंब काढ, चरण बघ, मग इथं १८० मिळव.

मी हेच केलं नाही. पेपरात याच संख्येचा पाचवा घात होता, मी ४५ धरून उणे चार उणे चार आय लिहिलं, खरं उत्तर चार अधिक चार आय. तीन मार्कांनी विषय गेला. काय चुकलं बघावं म्हणून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायला गेलो तर खिडकीवर पहिल्या दिवशी चलन नाही, दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला, तिसऱ्या दिवशी मुदत संपली. नाव घेत नाही, पण एक कागद दाखवला असता तर पुढच्या पेपरात परत तीच चूक केली नसती. हो, परत केली.

२२५ आणि उणे १३५ दोन्ही बरोबरच, मध्ये ३६० चा एक फेरा. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात उणे १८० ते १८० चालायचं, त्यामुळं तुझ्या परीक्षेत कुठली रेंज मागतात ते बघूनच लिही. आणि शून्याला आर्ग्युमेंट नसतो, एमसीक्यूत हमखास फसवतात. क्लासवाले फॉर्म्युल्याची शीट वाटतात पण आकृती काढून घेत नाहीत, माझा तर त्या शीटवरच राग आहे.

मी काही गणिताचा सर नाही, एमआयडीसीत मोटरी आणि पॅनेल बघतो, त्यामुळं सरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐक. पण डिप्लोमाला इलेक्ट्रिकल घेणार असशील तर हे आत्ताच पक्कं कर. रेझिस्टन्स ३ ओहम, इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स (कॉइलचा विरोध) ४ ओहम, मिळून ३ अधिक ४ आय ही संख्या, मॉड्युलस ५, आर्ग्युमेंट ५३ अंशाच्या आसपास, त्याचा कोसाइन ०.६, तोच पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते ते. तो असा पडला की लूमवाले शेठ लाईटबिल घेऊन आमच्याकडंच येतात.

अजून एक, एक्सेलमध्ये एटॅन टू (चरण बघूनच कोन देणारं फंक्शन) वापरलास तर आधी एक्स मग वाय, पायथनमध्ये उलटं. त्यातही माझी एक आख्खी दुपार गेलीय.