बीटा-१ आणि बीटा-२ रिसेप्टर इतके सारखे, मग औषधाला फरक कसा कळतो?

पुण्यात एमएस्सी करतोयस आणि प्रोजेक्टसाठी या दोघांची तुलना कशी करायची असं विचारलंयस, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

रिसेप्टर म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन. हे दोघंही जीपीसीआर (जी-प्रोटीनशी जोडलेले रिसेप्टर) या अवाढव्य कुटुंबातले. माणसात असे सुमारे ८०० रिसेप्टर आहेत आणि प्रत्येक जण पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातो. बीटा-१ मध्ये ४७७ अमिनो आम्लं, बीटा-२ मध्ये ४१३. पण अ‍ॅड्रेनालिन बसतं तो खळगा दोन्हींत जवळपास तंतोतंत सारखा! आवरणातून आरपार जाणाऱ्या सात पिळांपैकी (हेलिक्स) तिसऱ्यातलं अ‍ॅस्पार्टेट अ‍ॅड्रेनालिनच्या धनभारित नायट्रोजनला धरतं, दोन्हीकडे तेच.

फरक बराचसा खळग्याच्या तोंडाशी, पेशीबाहेरच्या बाजूला आहे. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये दोन्हींची औषधं दिसतील: साल्ब्युटामॉलचा पंप मुख्यतः श्वासनलिकेतल्या बीटा-२ साठी, मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयातल्या बीटा-१ साठी. डोस वाढला की ही निवड ढिली पडते, म्हणून दमेकऱ्याला मेटोप्रोलॉल देताना डॉक्टर जपून असतात.

प्रोजेक्टमध्ये अमिनो आम्लांच्या क्रमातल्या साम्याच्या एकूण टक्केवारीवर विसंबू नकोस. हेलिक्स वेगळे मोज, त्यांना जोडणारे वळसे वेगळे. आणि तुलनेला लांबचा नातेवाईक म्हणून रोडोप्सिन, म्हणजे डोळ्यातला प्रकाश टिपणारा जीपीसीआर, घेच. तिसऱ्या हेलिक्सच्या आतल्या टोकाला बीटा रिसेप्टरांत अ‍ॅस्पार्टेट-आर्जिनिन-टायरोसीन असतं. रोडोप्सिनमध्ये पहिल्या जागी ग्लुटामेट येतं, आर्जिनिन मात्र जागचं हलत नाही.