पुस्तक आवडलं नाही तर तसं सांगायचं

अगं,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. एवढी पुस्तकं वाचलीस आणि सगळ्यांपुढे शेरा एकच, मस्त, भारी, मस्ट रीड. आणि खाली हळूच विचारलंयस की मावशी, एखादं नावाजलेलं पुस्तक बोअर झालं तर तसं सांगायचं का, की आपल्यालाच कळलं नसेल म्हणून गप्प बसायचं. सांगायचं की, बिनधास्त सांगायचं! फक्त कुठे बोअर झालं तेही सांगायचं, कुठल्या प्रकरणात मन उडालं, कुठे परत लागलं, कारण तेवढंच आपलं स्वतःचं असतं, बाकीचं सगळं मलपृष्ठावर छापलेलं असतंच. मी सध्या जे वाचलं, काही नवीन, बरंचसं परत, त्याबद्दल माझं खरंखुरं मत लिहिते, पटलं नाही तर भांड.

'मृत्युंजय'पासून सुरू करू, तुझ्या लिस्टमध्ये ते वरच आहे. शिवाजी सावंतांनी कर्णाची गोष्ट एकाच्या तोंडून सांगितलेली नाहीये, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात, आयडिया जबरदस्तच आहे. पण मला सांग, मधलंच एखादं पान उघडलंस आणि वरचं नाव झाकलंस तर नुसत्या भाषेवरून कोण बोलतंय ते ओळखता येतं का? मला नाही येत. सगळे त्याच उंच पट्टीत बोलतात, उपमेवर उपमा, आणि सोळाव्या वर्षी त्याने अंगावर काटा येतो, यायलाच पाहिजे, पण आता मला शंभरेक पानांनंतर दमायला होतं. तरी कवचकुंडलांचा भाग आला की मी पुस्तक खाली ठेवत नाही, हेही तितकंच खरं. मत लिहिताना दोन्ही लिहायचं, एकासाठी दुसरं लपवायचं नाही.

आणि त्याच्या पाठोपाठ इरावती कर्व्यांचं 'युगान्त' घे. दोन्ही पुस्तकं १९६७ची, म्हणजे मराठीत एकाच वर्षी एकाने कर्णाला डोक्यावर घेतलं आणि दुसरीने त्याच्याकडे कोरड्या नजरेने बघितलं. बाई मानववंशशास्त्रातल्या, आयुष्यभर नातीगोती आणि कुळं तपासलेल्या, त्यामुळे महाभारताकडे त्या शेजारच्या वाड्यातल्या भानगडींकडे बघावं तशा बघतात, विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा हे इतक्या शांतपणे मांडतात की आपण हबकतो, आणि मग मागची पानं उलटून पुरावा बघायला लागतो. भीष्मालाही सोडत नाहीत. माझं विचारशील तर जास्त चांगलं पुस्तक 'युगान्त' आणि जास्त लाडकं 'मृत्युंजय'. तुझ्या शेऱ्यांमध्ये हा फरक कुठे दिसलाच नाही मला, तुझं लाडकं ते सगळं चांगलंच असतं!

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तू अर्धवट सोडलंस म्हणतेस, 'जुनं मराठी आहे' म्हणून. आता इथे मी भांडणार. पहिला भाग १९३४ साली आला, पण त्यातलं मराठी आजही घरात बोलतो तसं आहे, जुनं आहे ते त्यातलं सोवळं-ओवळं. बाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेली. नवरा कवी, लहरी, कधी उठून कुठे जाईल नेम नाही, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि मग काही वर्षं दोघांची ताटातूट. दुसरं कुणी असतं तर तीनशे पानं रडून काढली असती, ही बाई हसवते. नवऱ्यावर हसते, स्वतःवर त्याहून जास्त. पण म्हणून सगळंच डोक्यावर घेऊ नकोस. त्यांच्या हातून ते पुरं झालं नाही, शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिलाय, आणि तिथे पुस्तकाचं पाणी उतरतं, सगळी माहिती आहे पण ती बाई नाही. मी तो भाग दरवेळी भराभर उलटते. अभिजात पुस्तकातली पानं गाळली तर पाप लागत नाही.

'दुनियादारी'बद्दल फार लिहीत नाही. २०१३चा सिनेमा बघून कादंबरीकडे वळलीस ते उत्तमच. सुहास शिरवळकरांचे संवाद पळतात, दिग्या अजून जिवंत वाटतो, पण त्यातल्या मुलींना स्वतःचं डोकं फारसं दिलेलं नाहीये, हे तुला खटकलं नाही याचं आश्चर्य वाटलं. की खटकलं आणि लिहिलं नाहीस?

बरं, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मी त्यांच्या विज्ञानकथांचं 'यक्षांची देणगी' परत काढलं. खरं सांगू, पात्रं पातळ आहेत. शास्त्रज्ञ, त्याचा मित्र, मंत्री, सगळे कल्पना पुढे न्यायला आलेले आणि काम झालं की निघून गेलेले. पण कल्पना अशी असते की गोष्ट संपल्यावर आपण गच्चीत जाऊन वर बघतो. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर', ती त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेला माणूस, नावावर सहज छापून आलं असतं ना? पण त्यांना गोष्टीवरचं मत हवं होतं. तू पण करून बघ, मैत्रिणीला सांग कव्हरला वर्तमानपत्र घालून पुस्तक दे, लेखक माहीत नसताना पहिली वीस पानं वाच आणि मग लिही काय वाटलं ते. माझ्यावर हा प्रयोग झाला असता तर दोन-तीन मोठी नावं माझ्या कपाटात उरली नसती (कुठली ते भेटल्यावर सांगते, लिहून नाही देणार).

'धग' वाचताना तुला वऱ्हाडी बोली अवघड गेली, बरोबर आहे, ती डोळ्यांनी वाचायची नाहीच. मोठ्याने वाच. घरचे हसतील, हसू देत, दहा पानांत कान सरावतो. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये कौतिक नावाची बाई लिहिली आणि वाचकाची दया यावी म्हणून एक वाक्य जास्तीचं घातलं नाही. पण मधे श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही हे पण आहेच, एका बैठकीत वाचू नकोस.

नंदा खऱ्यांचं 'उद्या' याच्या अगदी उलट. तिथे माहिती इतकी आहे की माणसं मागे राहतात, आणि पहिल्या भागात मी दोनदा पुस्तक मिटलं. पण २०१४ मध्ये एका मराठी कादंबरीने पाळत, कॅमेरे, कंपन्यांच्या हातात गेलेलं जगणं एवढ्या तपशिलात धरलं होतं, ते आज फोन हातात घेऊन वाचताना गार व्हायला होतं. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नाकारला. तुला कदाचित कंटाळा येईल. आला तर तसंच लिही, मला राग नाही येणार.

हरारीचं माणसाच्या इतिहासावरचं 'सेपियन्स' सगळे हातात धरून फिरतात. सुरुवात झकास, शेती ही माणसाची मोठी फसवणूक झाली असं तो म्हणतो तेव्हा शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने तरी थांबून त्याच्याशी वाद घातला पाहिजे, पण तो इतका छान बोलतो की वाद घालायचं राहूनच जातं. शेवटाकडे अंदाज आणि माहिती यांची सरमिसळ होते. पेन्सिल घेऊन वाच, 'हे याला कसं माहीत' असं वाटेल तिथे खूण कर.

कवितेचं एकही पुस्तक नाही तुझ्या लिस्टमध्ये. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' घे, २००३ची, जाडजूड आहे, हिपेशिया, कसांड्रा अशा कुठल्या कुठल्या काळातल्या बायकांची दुःखं त्यात आहेत. रोज एकच कविता. काही मला आजही लागत नाहीत, संदर्भ शोधावे लागतात, शोधून पण लागत नाहीत. काही मात्र लागल्या की दिवसभर दुसरं काही वाचवत नाही.

रविवारी येशील तेव्हा 'उद्या' आणि 'भिजकी वही' दोन्ही काढून ठेवते. समासात मी पेन्सिलीने बडबड केलीय ती खोडू नकोस, पटली नाही तर खाली तुझं लिही, नाव घालून. आणि येताना माझी 'युगान्त'ची प्रत घेऊन ये, ती तुझ्याच आईकडे आहे, ती नाही म्हणेल, तरी शोध.

तुझी,
मावशी