मी रविवारी आले नाही, तर कळेल कुणाला?

"मॅडम, फादर वेदीवरून म्हणतात ना, 'आपण सारे एक कुटुंब आहोत', तेव्हा मला रडू आवरत नाही. चर्चमध्ये पाच-सहाशे माणसं असतात. एकालाही माझं नाव ठाऊक नाही. मी भलत्याच ठिकाणी घर शोधतेय का?"

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या या बाई पहिल्या भेटीत एवढं एका दमात बोलल्या आणि मग बराच वेळ गप्प बसल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. लग्न केलेलं नाही, भावंडं नाहीत. वडील लवकर गेले, आई अनेक वर्षं अंथरुणाला खिळून होती. आईचं सगळं त्यांनीच केलं. ती गेल्यावर बदली मागून घेतली. नव्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समुदायात, येऊन दोन वर्षं झाली होती. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

या वेदनेने आलेल्या त्या पहिल्या नव्हेत. विधुर, घटस्फोटित, मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेले, बदलीमुळे आलेले, सगळे हेच विचारतात. धर्मग्रामात तरुणांचा गट असतो, जोडप्यांचा असतो, मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. एकट्या, मधल्या वयाच्या माणसाला त्यांतल्या कुठल्या दारातून आत जायचं हे कळत नाही. हा दोष त्या माणसाचा नाही, आपण गट पाडतो त्या पद्धतीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

झोप, भूक, कामातला रस यांची आधी नीट चौकशी केली. आठवडेच्या आठवडे हे सगळंच हरवलं असेल, तर तिथे चर्चचा गट पुरत नाही, डॉक्टरांची मदत घ्यावी लागते. त्यांचं तसं नव्हतं. त्या एकट्या पडल्या होत्या आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. "माझीच अपेक्षा जास्त आहे," असं पुन्हा पुन्हा म्हणायच्या.

मी स्वतः कॅथलिक आहे, त्यामुळे मला एक गोष्ट करता आली. १९९२च्या 'कॅथलिक चर्चची धर्मशिकवण' या ग्रंथातला १६५८वा परिच्छेद मी त्यांच्यापुढे ठेवला. तो अविवाहित माणसांविषयी आहे. या जगात कुणीही कुटुंबाविना नाही, चर्च हे सर्वांचं घर आणि कुटुंब आहे, विशेषतः कष्टी आणि भाराक्रांत माणसांचं, असा त्याचा आशय. मूळ शब्द पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१च्या पत्रातले. शिवाय १९८३च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, ५२९वं कलम धर्मगुरूंना सांगतं, की गरीब, दुःखी आणि एकाकी लोकांना शोधून काढा. त्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. "एकाकी? असं चक्क लिहिलंय?"

लिहिलंय. म्हणजे त्या मेहेरबानी मागत नव्हत्या.

पण एकट्या धर्मगुरूंनी हजारो माणसांना कसं शोधावं? इथे त्यांना एक जुनी जखमही होती. आधीच्या धर्मग्रामात फादरांशी त्यांचं छान जमलं होतं, मनातलं सगळं त्यांना सांगायच्या. फादरांची बदली झाली आणि आईनंतर दुसऱ्यांदा पोरकं झाल्यासारखं वाटलं. धर्मगुरूंची बदली होतेच. म्हणून आपुलकीचा सगळा भार त्या एका माणसावर टाकू नये, असं मी सांगते. इतरांशीही नाती जुळायला हवीत.

"गेल्या रविवारी तुम्ही गेला नसता, तर कुणाच्या लक्षात आलं असतं?" मी विचारलं.

"कुणाच्याच नाही."

मग तिथूनच सुरुवात केली. दर रविवारी वेगवेगळ्या वेळच्या मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जायचं नाही, एकच वेळ धरायची. बसायचा बाकही ठरलेला. दहा मिनिटं आधी यायचं आणि शेवटच्या आशीर्वादानंतर लगेच दाराकडे धावायचं नाही. आणि एखादी छोटी जबाबदारी घ्यायची. त्यांनी बायबल वाचनासाठी नाव दिलं.

सहा महिन्यांनी त्या आल्या त्या आणखी थकून. "वाचन छान झालं म्हणतात सगळे. पण मला काही वाटत नाही."

माझा सल्ला अर्धाच होता, हे मला तेव्हा कळलं. सेवा करा म्हणजे माणसं जोडली जातील, असं आपण सगळ्यांनाच सांगतो. पण ज्या बाईने आयुष्यभर फक्त दिलंच आहे, तिच्यासाठी सेवा ही लपायची जागाही होऊ शकते. उत्तम वाचायचं, वेळेवर यायचं, कुणाला काही मागायचं नाही. अशा माणसाची काळजी कुणी करावी तरी कशी? तिला काही हवं आहे हे दिसतच नाही.

त्याच सुमारास त्यांचा पाय मोडला. तीन आठवडे घरात. मला फोनवर सांगितलं, चर्चमध्ये कुणालाच नाही. "कशाला उगाच त्रास?" मी म्हटलं, "एका व्यक्तीला फोन करा. फक्त सांगा, मी येऊ शकत नाही, मला कम्युनियन हवं आहे." (कम्युनियन म्हणजे मिस्सेत भाविकांना दिली जाणारी पवित्र भाकर.) मोठी कठीण गोष्ट होती ती. दोन दिवस लागले त्यांना. शेवटी वाचकांचं वेळापत्रक बघणाऱ्या आजींना फोन केला.

सन १५५च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोममध्ये रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात ते सांगतात, की जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी डीकन (धर्मगुरूंचे दीक्षित सहायक) कम्युनियन घेऊन जातात. मला ही ओळ फार प्रिय आहे. कोण आलं नाही हे ठाऊक असल्याशिवाय कुणाकडे जायचं हे कसं कळणार? १९७३पासून नेमलेल्या सामान्य प्रापंचिकांनाही हे काम करता येतं. त्या रविवारी असेच एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या घरी आले. सोबत फोनवरच्या आजीही. प्रार्थना दहा मिनिटांची. आजी मात्र दोन तास बसल्या, आणि जाताना दारातून म्हणाल्या, "इतके महिने शेजारी उभी राहून वाचतेस आणि एकटी राहतेस हे सांगितलंही नाहीस!"

नंतर सगळं गोड झालं असं नाही. वाचकांच्या बैठकीत कुणीतरी त्यांना लागेल असं बोललं. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, आता जाणार नाही. पुढच्या बैठकीला गेल्या, रागातच गेल्या, आणि जे खुपलं ते तोंडावर बोलल्या. आजवर कुठल्याच धर्मग्रामात त्या कुणाशी भांडल्या नव्हत्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

२ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, चर्चमधल्या वहीत त्यांनी आईचं नाव लिहिलं. शेजारी आजी आपल्या यजमानांचं लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, "कशी होती गं तुझी आई?" हा प्रश्न त्यांना आई गेल्यापासून कुणी विचारला नव्हता. दोघी बाकावर बसून राहिल्या, चर्चचे दिवे मालवेपर्यंत.

आता त्या माझ्याकडे क्वचित येतात. मागच्या भेटीत सांगत होत्या, बस चुकली आणि मिस्सेला पोचायला उशीर झाला. पहिलं वाचन सुरू झालेलं. मागच्या दाराने हळूच आत शिरल्या, तर आजी नेमक्या वळून बघत होत्या. नंतर बाहेर आल्यावर हात धरून म्हणाल्या, "अगं, होतीस कुठे?"