सौम्य बोलावे, पण मोघम नको

प्रश्न : मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. वरिष्ठांनी तयार केलेल्या अहवालातील चूक थेट सांगितली तर मी उद्धट ठरते आणि आडवळणाने सुचवली तर ती तशीच पुढे जाते. नम्रपणे, तरीही नेमके कसे बोलावे?

उत्तर : सौम्यपणा माणसासाठी असावा, चूक मात्र जशी आहे तशीच सांगावी. ‘जरा एकदा पाहता का?’ असे आपण म्हणता, तेव्हा नेमके काय पाहायचे हेच वरिष्ठांना कळत नसावे.

‘तुम्ही बेरीज चुकवलीत’ या वाक्यात कर्ता माणूस आहे, तर ‘तिसऱ्या तक्त्यातील बेरीज मूळ नोंदींशी जुळत नाही’ या वाक्यात बेरीज. दुसरे वाक्य कोणाला बोचत नाही आणि चुकीची जागाही दाखवते. ‘राग मानू नका, पण’ अशी सुरुवात टाळावी. ती ऐकताच माणूस राग मानण्याच्या तयारीला लागतो.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी १९८७ मध्ये मांडले, की किती जपून बोलावे लागते हे परस्परांतील जवळीक, अधिकारातील फरक आणि विषयाचा नाजूकपणा यांवर ठरते. अधिकारातील फरक आपल्या हाती नाही. ऐकायला कोण असावे, हे मात्र आहे. भर बैठकीत दाखवलेली खरी चूकही पाणउतारा वाटते. तीच बैठकीआधी एकांतात सांगितली तर मदत वाटते.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे बर्फवृष्टीत उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या सहवैमानिकाने यंत्रांवरील आकडे बरोबर दिसत नसल्याचे वारंवार बोलून दाखवले, पण ‘उड्डाण थांबवा’ असे तो म्हणाला नाही. वैमानिकाने शंका मनावर घेतली नाही आणि विमान पोटोमॅक नदीवरील पुलावर आदळून ७८ जण मृत्युमुखी पडले. अहवालातील चुकीने कोणाचा जीव जात नाही, हे खरे. परंतु शंका बोलून दाखवणे आणि काय करावे ते सांगणे यांतील अंतर तिथेही तेवढेच असते.

म्हणून शंकेला विनंतीची जोड द्यावी : ‘ही बेरीज दुरुस्त होईपर्यंत अहवाल पाठवायचा थांबवू या का?’ वरिष्ठांनी नकार दिला, तर हीच गोष्ट त्याच दिवशी दोन ओळींत लेखी कळवावी आणि त्यात मागच्या चुकांची उजळणी करू नये.